शुक्रवारचा सिनेमा

माझा मामा कुठल्याही दुकानात स्पीकर बघायला गेला की आधी त्याला ठोकायचा. दुकानदार वायरी जोडेपर्यंत हा बोटांच्या पेरांनी खोक्याच्या पाठीवर टकटक करणार, कान लावणार, मग दोन्ही हातांनी ते उचलून वजनाचा अंदाज घेणार. कलिंगड घेतानाही तो हेच करायचा. "हलका हाय," असं म्हणून त्याने खोकं खाली ठेवलं की समजायचं, आता हे दुकान संपलं. नातेवाइकांत कोणाला टेप, टीव्ही, ॲम्प्लिफायर काही घ्यायचं असलं की मामाला सोबत नेलं जायचं, आणि गंमत अशी, की मामाला त्यातलं फारसं कळत नव्हतं. निम्म्या वेळा त्याचा अंदाज सपशेल चुकायचा. आमच्या घरी त्याने केवळ वजनावर पसंत केलेला टेपरेकॉर्डर दिवाळीही न बघता बंद पडला. "वजन तर चांगला व्हता," एवढंच तो म्हणाला, आणि आमच्याकडे चहा पिऊन गेला.

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका बोळात त्याचं घर होतं. खाली माग, वर बिऱ्हाड. खारबावची शेती भावांत वाटली गेली, तेव्हा आपल्या वाट्याचं विकून त्याने हे पॉवरलूम घातले होते. डावीकडे दुसऱ्याचा कारखाना, उजवीकडे तिसऱ्याचा. त्यामुळे मामाच्या घरात मांडणीवरची ताटं कायम किणकिणत असायची आणि पाण्याच्या पेल्यात बारीक लाटा उठायच्या. तिथे हळू बोलण्यात काही अर्थ नव्हता. मामा बाहेरही तसाच बोलायचा. मयताला गेला तरी त्याचं सांत्वन चार घरं ऐकायची. आमच्याकडे त्याचा फोन आला की आई रिसीव्हर हातभर लांब धरायची, आणि स्वयंपाकघरातून मी उत्तर द्यायची.

मामाला मूलबाळ नव्हतं. त्याची सगळी माया माझ्यावर आणि मामीवर. माझ्यावरची तो बोलून दाखवायचा, मामीवरची कधी नाही. मामी पडघ्याची. लग्न होऊन आली ती थेट मागांच्या मधोमध बसून सुताच्या कांड्या भरायला लागली. हात कांडीवर आणि डोक्यात सिनेमा, अशी ती बाई होती. भिवंडीत रविवार शुक्रवारी येतो. शुक्रवारी माग बंद, म्हणून दर शुक्रवारी मामा तिला टॉकीजला न्यायचा. शनिवारी दुपारी बोळातल्या बायका डाळ-तांदूळ निवडायला तिच्या ओट्यावर जमायच्या आणि मामी त्यांना आख्खा सिनेमा सांगायची. नायक तीच, खलनायक तीच, नायकाची आंधळी आईही तीच. लहानपणी मी सिनेमे पाहिले थोडे आणि मामीकडून ऐकले फार. खरं सांगायचं तर मामीचेच चांगले असायचे.

मग हे हळूहळू थांबलं. मामी म्हणायला लागली, "हल्लीचे सिनेमे मना आवरत न्हाय." बायकांनाही ते पटलं, कारण हल्लीचं काही न आवडायचं वय तिचं झालंच होतं. मामाला मात्र पटलं नाही. एका शुक्रवारी तो तिला बळेच टॉकीजला घेऊन गेला आणि परतताना तिला घरी सोडून थेट आमच्याकडे आला. आईला म्हणाला, "ताय, ती लोकांच्या तोंडाकडं बगते आनि मंग हसते." एवढं बोलून तो भिंतीकडे बघत बसला. सगळं थिएटर हसून झालं की मामी शेजारणीचा चेहरा बघायची आणि मागाहून हसायची. इतकी वर्षं मागांच्या खडखडाटात बसून तिचे कान गेले होते, आणि तिने ते सगळ्यांपासून लपवलं होतं. मामाचा आवाज हळू झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि मला तो मुळीच आवडला नाही.

ठाण्याच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. मामीने ते आठवडाभर घातलं आणि काढून तांदळाच्या डब्यात टाकलं. ते यंत्र माणसाचा आवाज वाढवायचं तसाच मागांचाही वाढवायचं. "यात नुसता कारखाना वाजते," ती म्हणाली, "मानूस बोलतच न्हाय." तिच्या म्हणण्यात चूक काही नव्हती.

ओट्यावर बायका अजूनही यायच्या, पण आता दुसरीच कोणी बोलायची आणि मामी खाली मान घालून खडे वेचायची. मामाला ते बघवत नव्हतं. मामीला पुन्हा सिनेमा ऐकू यायला हवा, हे त्याने मनात धरलं. मामाने एखादी गोष्ट मनात धरली की घरच्यांनी नाद सोडायचा असतो.

त्याला वाट सापडली ती खारबावला, चुलतभावाच्या घरी. या चुलतभावाने गोदामांना जमीन देऊन नवं घर बांधलं होतं आणि दिवाणखान्यात होम थिएटर लावलं होतं. तेव्हा आमच्याकडे ते नवीनच होतं. पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात धमाक्यासाठी स्टुलाएवढा एक मोठा डबा. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो, तर यजमानांनी जेवणाआधीच मारामारीचा सिनेमा लावला. खिडक्यांची तावदानं थरथरली, भटजींनी पोथी मिटली, आणि मामी कानांवर हात ठेवून बाहेर निघून गेली. मामा मात्र बसून राहिला. मारामारी संपून पडद्यावर आई आणि मुलगा बोलायला लागले, तशी त्याने उठून एकेका स्पीकरला कान लावायला सुरुवात केली. गुडघ्यांवर रांगत, चांगलं इस्त्रीचं धोतर फरशीवर घासत, या खोक्यापासून त्या खोक्यापर्यंत. पाहुणे बघत होते. टीव्हीच्या खालच्या आडव्या स्पीकरपाशी तो थांबला आणि तिथूनच माझ्यावर ओरडला, "बाय! बोलनं सगला मधल्या डब्यातून येते! बाकीचे नुसते गोंधल घालतात!"

हे खरंच होतं. अशा संचात माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेलं असतं; कडेचे आणि मागचे स्पीकर गाणी, पाऊस, घोडे, गोळ्या असलं सांभाळतात. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं असेल. मामाने ते रांगून शोधलं होतं, आणि त्याचा आनंद असा, की जेवताना त्याने तीन वेळा जिलेबी घेतली.

नंतरच्या शुक्रवारी आम्ही मुंबईला, स्पीकर-रेडिओच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. "तू इंग्लिश वाच, मी आयकतो," अशी वाटणी झाली होती. मी तेव्हा नुकती शाळेत शिकवायला लागले होते आणि स्वतःला बरीच शहाणी समजत होते. मामाचा एक माग बंद पडला होता. त्या मागाला विजेची नवी मोटार बसवायला ठेवलेले पैसे त्याने खिशात घातले होते, आणि पूर्ण संच काही त्यात बसत नव्हता. पहिल्याच दुकानात पोऱ्याने रंगीत खोकं पुढे केलं. "अंकल, पाच हजार वॉट!" मामाने माझ्याकडे बघितलं. मी वाचलं, खरंच तसं लिहिलं होतं. त्या वर्षांत सगळ्या खोक्यांवर असे अचाट आकडे छापलेले असायचे आणि त्यांना काडीचा अर्थ नसायचा. पण मामा विजेचं बिल भरणारा माणूस. "पाच हजार वॉट में तो हमारा आधा कारखाना चलता है," तो म्हणाला. "ये डिब्बा चालू किया तो बिल तू भरेगा क्या?" पोऱ्या हसला, मालकही हसला, आणि आम्ही पुढच्या दुकानात शिरलो.

पुढच्या दुकानातला मालक वयस्क होता आणि त्याला वेळ होता. त्याने चांगल्या मनाने समजावलं, की एवढ्या पैशांत छोटे छोटे सगळे स्पीकर येतील, घुमणारा डबाही येईल. मामा म्हणाला, घुमणारा नको. "सबवूफर के बिना होम थिएटर कैसा, भाईसाब?" मालकाला ते खरोखरच दुःखाचं वाटलं असावं. मामाने दोन्ही हात जोडले. "हमको धमाका नहीं मंगता सेठ. हमको बात मंगता. बात साफ सुनने को मंगता. घर में सुनने का तकलीफ है." मालक उठला. मग त्याने आतून एक लांबट, काळा, धूळ बसलेला मधला स्पीकर आणला. संच मोडून उरलेला, चांगल्यापैकी मोठा. मामाने टकटक केलं, उचलला, आणि त्याच्या तोंडावर जे पसरलं ते मी विसरणार नाही. "जड हाय गो!"

त्याच्या जोडीला कडेचे दोन साधे स्पीकर घेतले. मागचे घेतलेच नाहीत. मामाच्या मते मागून कोणी बोललं तर मामीला तसंही कळत नाही, मग कशाला. ॲम्प्लिफायरबद्दल त्याची एकच अट होती, मधल्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा वाढवता आला पाहिजे. तसा एक निघाला, काचेत मांडून ठेवलेला, वरून ओरखडे गेलेला, म्हणून स्वस्त. त्यातला ट्रान्सफॉर्मर दगडासारखा होता. मामा तो स्वतःच्या खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत आला, हमालाला हात लावू दिला नाही, आणि पुढचे आठ दिवस मान वाकडी करून फिरला.

जोडणी अर्थात पुढच्या शुक्रवारी झाली. आमच्या गावात कुठलंही निवांत काम शुक्रवारीच होतं, आणि तिथेच आमची फसगत झाली. त्या दुपारी बोळ शांत होता. मामाने मामीला टीव्हीसमोर बसवलं, मधला स्पीकर तिच्या तोंडासमोर येईल असा दोन विटांवर उचलून ठेवला आणि जुना, तिच्या आवडीचा सिनेमा लावला. मी मधल्याचा आवाज वाढवत गेले. एका ठिकाणी मामीने हात वर केला. पडद्यावर बाप लेकीला सासरी पाठवत काहीतरी सांगत होता. मामी पुढे सरकली, आणि त्याच्यामागोमाग तेच शब्द स्वतः म्हणायला लागली. मी आवाज तिथेच ठेवला. मामा ॲम्प्लिफायरच्या मागे जाऊन वायरी तपासत बसला. त्या वायरींमध्ये तपासण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी मामाने सगळ्या बोळाला आमंत्रण दिलं. बायका आल्या, माझी आई आली. सिनेमा सुरू झाला, आणि खाली माग सुरू होते, डावीकडे होते, उजवीकडे होते. मधला डबा काय बोलत होता ते चांगल्या कानाच्या बायकांनाही कळेना. मामाने आवाज वाढवला, आणखी वाढवला, तो किरकिरायला लागला. कालच्या शांततेत सगळी परीक्षा घेतली आणि कारखाना वर्षभर चालतो हे आम्ही, जन्मभर त्याच आवाजात राहिलेली माणसं, साफ विसरलो. मामी बायकांकडे वळून म्हणाली, "चांगला लागते. समदा आयकू येते." तिने ते मामासाठी म्हटलं होतं, आणि मामाला ते कळलं.

त्याने हार मानली नाही. कारखान्यात मालाला तोटा नव्हता. त्याने कोऱ्या कापडाचे तागे वर आणले आणि खोलीच्या चारी भिंतींना पदरावर पदर घालून टांगले. दारालाही कापड, खिडकीलाही. खाली गोधड्या, गोधड्यांखाली सुताच्या चिंध्या. खोली आतून लग्नाच्या मांडवासारखी दिसायला लागली, आणि जिन्यावरून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "कोनाचा लगीन हाय?" त्या कापडाने खोलीतला घुमारा गेला, बोलणं खणखणीत झालं, पण फरशीतून येणारा मागांचा हादरा काही थांबेना. शेवटी मामाने स्वतःच निकाल दिला. "आपला थेटर शुक्रवारचा."

आणि तो चालला, बरीच वर्षं चालला. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की मामा डीव्हीडी लावायचा, मामी समोर, तिच्यामागे बोळातल्या बायका. मामा एका बाजूला रिमोट घेऊन बसायचा. कोणी पुटपुटलं की मधल्याचा आवाज वर, कोणी किंचाळलं की खाली. सिनेमा काय होता हे त्याला नंतर विचारलं तर धड सांगता यायचं नाही, कारण तो सारा वेळ मामीचा चेहरा बघत असायचा. शनिवारी मामी पुन्हा ओट्यावर बसून गोष्ट सांगायला लागली. बंद पडलेला माग मात्र बराच काळ बंदच होता. त्यावर मामा वाळत घालायचे कपडे टाकायचा.

माझं लग्न होऊन मी नाशिकला गेले. मामाचा फोन यायचा, मी रिसीव्हर लांब धरायची. मामीची चौकशी केली की तो म्हणायचा, "बरी हाय, सिनेमा बगते." म्हणून मी निर्धास्त होते. मग एका सुट्टीत, शुक्रवारीच, न सांगता गेले. बायका कोणी नव्हत्या. टांगलेल्या कापडाआडून मी आत डोकावले, तर मामा टीव्हीसमोर एका स्टुलावर बसला होता, टीव्हीकडे पाठ करून आणि मामीकडे तोंड करून. मागे सिनेमा चालू होता, आवाज जेमतेम मामाला ऐकू येईल इतका. आणि मामाचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मामीचे कान पुरते गेले होते. ॲम्प्लिफायरची खुंटी शेवटपर्यंत फिरवली तरी उपयोग नव्हता. पण मागांवर काम केलेली माणसं एकमेकांशी ओठांनी बोलतात. त्या खडखडाटात दुसरा इलाजच नसतो. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ही दोघं खाली मागांच्या या बाजूने आणि त्या बाजूने तशीच बोलत आली होती. मामा कानांनी संवाद घ्यायचा आणि ओठांनी मामीला द्यायचा. नायिकेसाठी मान तिरकी करायचा, खलनायकासाठी भुवया चढवायचा. उभ्या आयुष्यात ज्या माणसाला हळू बोलता आलं नाही, तो मुका होऊन सिनेमा बोलत होता. मी दाराशीच उभी राहून रडले.

"मामा, तुला तर काहीच दिसत नाही," मी नंतर म्हटलं.

"बगायचा काय त्यात? तोंडा रंगवलेली मानसा," तो म्हणाला. "ती बगते, बास झाला."

मामा गेला तो अगदी सहज, कारखान्यात खुर्चीवर बसल्याबसल्या. माग चालू होते म्हणून कोणाला लगेच कळलंही नाही. त्याचं दिवसकार्य आटोपल्यावर मी मामीजवळ राहिले. त्याच बोळात तिचे धाकटे दीर-जाऊ राहत होते, ती एकटी नव्हती, पण माझा पाय निघेना. शुक्रवार आला. दुपारी मी खालून भाजी घेऊन जिना चढत होते, तर वरून सिनेमाचा आवाज येत होता, चांगला मोठा. मामीला आवाज कळत नव्हता, म्हणून तिने खुंटी हाताला लागेल तिथे फिरवून ठेवली होती. ती आपल्या जागी बसली होती. टीव्हीकडे तिचं लक्ष नव्हतं. ती रिकाम्या स्टुलाकडे बघत होती.

मी भाजी खाली ठेवली, आवाज कमी केला आणि स्टुलावर बसले. पाठीमागे कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगत होतं. ते ऐकून मी ओठ हलवायला लागले. दिवसभर वर्गात बडबडणारी बाई मी, पण ते मला काही केल्या जमेना. एक वाक्य पकडावं तोवर दुसरं निघून जायचं. मी धापा टाकत मागे धावत होते. मामीने हात वर करून मला थांबवलं.

"यवरी घाई कशाला करतेस? तुजा मामा निम्मा सोरून द्यायचा."

"मग गोष्ट कशी कळायची तुला?" मी ओठांनी विचारलं.

"त्यो गोष्ट कुठं सांगायचा नीट!" मामी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "थोडा सिनेमातला, थोडा मनाचा. मागं हिरो हिरोईनला चंद्र आनून द्यायच्या गोष्टी करायचा, आनि ह्यो मना इचारायचा, आज गुडगा दुकतो का. तोंड मात्र हिरोचाच करायचा."

मागे सिनेमा चालूच होता. कोणी पुरुष फार हळवं होऊन काही बोलत होता. मी त्याचे शब्द ऐकले आणि सोडून दिले. मान थोडी तिरकी केली, आणि सावकाश, एकेक अक्षर ओठांवर नीट येऊ देत विचारलं, "मामी, आज गुडघा दुखतो का?"

"दुकतो," मामी म्हणाली, आणि पुन्हा माझ्या ओठांकडे बघू लागली.